पेट्रोल म्हणजे डायनासोरचा रस्सा? आणि मुंबई हायचं तेल नक्की आलं कुठून?

दुपारचा_चहा
शनिवार, रात्री १०:१२
काल चेंबूरहून फोर्टला जात होतो. ईस्टर्न फ्रीवेवर माहुलच्या बाजूला त्या रिफायनऱ्यांच्या उंच चिमण्या दिसतात, एकीच्या टोकाला ज्वाळा पेटलेली होती. चिरंजीव तिसरीत. "आई, ती आग कशाची?" म्हटलं, तिथे जमिनीतल्या तेलापासून पेट्रोल बनवतात. "जमिनीत तेल कुठून आलं?" लहानपणी ऐकलेलं ठोकून दिलं: कोट्यवधी वर्षांपूर्वी डायनासोर मेले, गाडले गेले, त्यांचं तेल झालं.
चिरंजीव डायनासोरवेडे. दोन मिनिटं गप्प. मग, "पेट्रोलमध्ये हाडं कशी नसतात? आणि आमच्या टीचर म्हणाल्या की महाराष्ट्राचा बहुतेक दगड लाव्हाचा आहे. लाव्ह्यात पडल्यावर तेल होईल की राख?"
सीएसएमटी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. जाणकारांनी मदत करा. तिसरीतल्या मुलाला कळेल असं, पण खोटं नको.

मुलुंडकर
वाचतोय. माझ्या मुलीने पण हाच प्रश्न विचारला होता. मी "गूगल कर" म्हणालो. वाईट बाप.

टवाळ_पोर
डायनासोरचा रस्सा, वरून कोथिंबीर. हसून हसून पुरेवाट.

शाळामास्तर
टीचर बरोबर आहेत, आणि तुमचा मुलगा त्याहून बरोबर आहे. डायनासोरचा तेलाशी जवळजवळ काही संबंध नाही. अमेरिकेतल्या एका तेल कंपनीने आपल्या पंपांवर हिरवा डायनासोर लावला आणि तो लोकांच्या डोक्यात बसला.
तेल मुख्यतः होतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचं. समुद्रात, सरोवरात तरंगणारी शेवाळं, प्लवक, आणि त्यांना खाणारे जीवाणू. एकेक जीव क्षुद्र, पण संख्या बेसुमार. ते मरून तळाशी पडतात. बहुतेकांना वाटेतच कोणीतरी खातं किंवा ते कुजून जातात, जेमतेम एक टक्कासुद्धा गाळात टिकत नाही. टिकायचं तर तळाच्या पाण्यात ऑक्सिजन नसावा लागतो आणि बारीक चिखलाने चटकन झाकलं जावं लागतं.
मोठ्या प्राण्याचं प्रेत असं टिकत नाही. त्याचा फडशा पाडायला रांग लागलेली असते.

गोदाक्का
माहीमच्या खाडीवरून लोकल जाते तेव्हा नाक धरतो ना आपण, तो वास त्याचाच का हो मास्तर?

शाळामास्तर
गोदाक्का, अगदी. सगळा वास त्याचा नाही, नाल्यांचाही वाटा आहे. पण खाजणातला काळा चिखल उकरला की सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जीवाणूंनी केलेला हायड्रोजन सल्फाइड. चिखल काळा असणं, वास मारणं ही चांगली लक्षणं आहेत. म्हणजे आत काहीतरी पूर्ण कुजायचं राहिलंय. शिवडीला फ्लेमिंगो बघायला जाता तेव्हा ओहोटीला तो चिखल बघा. तेलाचा कच्चा माल साधारण असाच दिसतो.

टवाळ_पोर
म्हणजे आपण सगळे तेलसम्राट. फक्त थोडं थांबायचं.

शाळामास्तर
पाचेक कोटी वर्षं. चहा घेणार?

खारा_वारा
रविवार, सकाळी ७:०५
या धाग्यावर गप्प बसवत नाही. मी एका खासगी कंपनीतर्फे बरीच वर्षं समुद्रातल्या रिगवर, म्हणजे तेलविहीर खोदणाऱ्या तळावर, मड लॉगर होतो. जुहूहून हेलिकॉप्टर, चौदा दिवस पाण्यात, चौदा दिवस घरी. आता गुडघ्यांनी राजीनामा दिलाय.

मड लॉगर म्हणजे काय ते आधी. भोक पाडताना आत खास चिखल पंप करतात, तो तळाचे दगडाचे तुकडे घेऊन वर येतो. ते तुकडे चाळणीवरून उचलायचे, धुवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि मग एका काळ्या पेटीत अतिनील दिव्याखाली धरायचे. तेल असेल तर चमकतं, पिवळट, कधी निळसर पांढरं. रात्री तीन वाजता ती पेटी उघडली आणि तुकडे चमकले की झोप कुठल्या कुठे जायची.

आता प्रश्न. मास्तरांनी चिखलापर्यंत आणून सोडलंय. पुढे काय होतं ते सांगतो.

त्या चिखलावर आणखी गाळ पडत जातो. शेकडो मीटर. पाणी पिळून निघतं, चिखलाचा शेल दगड होतो. आतल्या जैविक मालाचं तोवर एक चिवट, काळपट, कशातच न विरघळणारं द्रव्य झालेलं असतं, त्याला केरोजेन म्हणतात. ग्रीक भाषेत मेणाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव. केरोजेन म्हणजे तेल नव्हे. तेल व्हायची त्याची लायकी असते, एवढंच.

मग खाली जाताना तापतं. जमिनीत किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान चढतं. ६० अंशांच्या आसपास केरोजेनचे मोठे रेणू तुटायला लागतात, त्यातून तेल सुटतं. १२० च्या पुढे तेल कमी आणि गॅस जास्त. १५० च्या पुढे तर आधी झालेल्या तेलाचेही तुकडे पडून गॅस होतो. आणखी तापवलं की खाली उरतो नुसता कोळसट कार्बन. म्हणजे चूल मंदही नको, मोठीही नको. आमच्यातले भूवैज्ञानिक त्या खोल, तापलेल्या भागाला चक्क 'किचन' म्हणतात.

मी घरी बायकोला सांगितलं होतं की लोणी कढवतेस तसं. कमी तापवलं तर लोणीच, बरोबर तापवलं तर तूप, विसरलीस तर करपलेली बेरी.

अनुस्वार
तुपाचं उदाहरण गोड आहे पण चुकीचं. लोण्यात तूप आधीच असतं, कढवून आपण फक्त पाणी आणि बाकीचं वेगळं करतो. केरोजेनमध्ये तेल आधीच नसतं, रेणू तुटून नवं तयार होतं. पाकाचं उदाहरण घ्या. साखर, एकतारी, दोनतारी, गोळीबंद, मग करपून काळी.

गोदाक्का
एकतारी-दोनतारीत काय रेणू तुटतात रे बाबा? पाणीच आटतं ना? करपायला लागल्यावरच काय ते तुटत असेल.

अनुस्वार
मान्य. करपलेल्या पाकापुरतं माझं उदाहरण बरोबर, बाकी गोदाक्कांचं.

मुलुंडकर
जाता जाता, चिरोट्यांना एकतारी की दोनतारी?

गोदाक्का
मुलुंडकर, वेगळा धागा काढा. एकतारीच्या जरा पुढे, दोनतारीच्या अलीकडे.

खारा_वारा
अनुस्वार, आक्षेप मान्य. पण बायकोला पटलं होतं, त्याला किंमत आहे. आणि बेरीचा भाग मी सोडणार नाही. तेल निघून गेल्यावर उगमखडकात, म्हणजे ज्या खडकात तेल तयार झालं त्यात, उरलेला कार्बन खरंच बेरीसारखाच असतो, फक्त साखर घालून खाता येत नाही.

खडूस_म्हातारा
हे सगळं पाश्चात्त्यांनी पसरवलेलं. तेल जिवांपासून होतच नाही, पृथ्वीच्या पोटात आपोआप होतं आणि सारखं होत राहतं. मेंडेलीव्ह, तोच आवर्त सारणीवाला, त्याने हेच सांगितलं होतं. "तेल संपणार, संपणार" असं मी तीस वर्षं ऐकतोय. संपलं? शनीच्या टायटन उपग्रहावर मिथेनची तळी आहेत, तिथे कुठले शेवाळ होते?

विद्युल्लता
काका, मेंडेलीव्ह पाश्चात्त्यच ना?

खडूस_म्हातारा
रशियन.

शाळामास्तर
काका, मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मेंडेलीव्हने १८७७ मध्ये मांडलं की खोलवरच्या लोहाच्या कार्बाइडवर पाणी गेलं की तेल होईल. त्या काळात बुद्धीला धरूनच होतं ते. टायटनचंही बरोबर. साधा मिथेन जीवसृष्टीशिवाय होतो, त्याबद्दल वाद नाही.
पण कच्च्या तेलात मिथेनच्या पलीकडे पुष्कळ काही असतं. १९३० च्या दशकात ट्राइब्स नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला तेलात पोर्फिरिन सापडले, म्हणजे हरितद्रव्याच्या रेणूचा सांगाडाच म्हणा. पानाचा हिरवा रंग ज्याने येतो, त्याचे अवशेष तेलात. नंतर असे कितीतरी रेणू सापडले. कोणते तेल कुठल्या उगमखडकातून आले, हे त्यांच्या मेळावरून जुळवता येते. लोखंड आणि पाण्यातून हे कसे येणार?
१९८० च्या दशकात तुमच्याच मताच्या थॉमस गोल्ड या शास्त्रज्ञाच्या आग्रहामुळे स्वीडनमध्ये सिलियान इथे ग्रॅनाइटात काही किलोमीटर खोल भोक पाडले. व्यापारी तेल काही मिळाले नाही.

खडूस_म्हातारा
मग ग्रॅनाइटात तेल सापडतंच कसं? व्हिएतनामला समुद्रात ग्रॅनाइटातून तेल काढतात. आपल्याकडेही मुंबई हायच्या तळाशी बेसाल्टात तेल आहे असं मी वाचलंय. बोला.

खारा_वारा
वाचलंय ते खरं आहे. मुंबई हायला, हीरा क्षेत्रातही, तळखडकाच्या, म्हणजे गाळाच्या थरांखालच्या जुन्या कठीण खडकाच्या, भेगांत तेल मिळालंय. पण भेगांत मिळालं म्हणजे तिथेच झालं असं नव्हे काका. आमच्या इमारतीच्या तळघरात दर पावसाळ्यात पाणी भरतं, म्हणून आम्ही तळघरात पाणी पिकतं असं म्हणत नाही. शेजारून झिरपतं.

विद्युल्लता
+१. तळघर हे उदाहरण म्हणून फार सच्चं आहे. आमच्याकडे पण.

तिसरा_मजला
तळघर कसलं, आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर झिरपतं. सोसायटीच्या मीटिंगचा धागा काढू का?

संपादक_मंडळ
विषयावर राहा. पेट्रोलच्या किमतीवरचे चार प्रतिसाद उडवले आहेत, सोसायटीचेही उडतील.

वेसावची_होडी
आम्ही वेसाव्याचे. मोठ्या बोटी लांब जातात तेव्हा रात्री ते प्लॅटफॉर्म दिसतात. ज्वाळा दिसते, मग गावच वसल्यासारखे दिवे. खांबांच्या भोवती मासळी भरपूर जमते, पण पाचशे मीटरच्या आत जायचं नाही, मनाई आहे. समोर मासळी दिसते आणि जाळं टाकता येत नाही, हा काय न्याय.
एक शंका. माझा आजोबा म्हणायचा, "मुंबई हाय, हाय म्हणजे हाय, कुठं जानार नाय." ते 'हाय' म्हणजे खरंच काय?

टवाळ_पोर
मला दहावीपर्यंत वाटायचं बॉम्बे हाय म्हणजे हायस्कूल. तिथे ॲडमिशन मिळत नाही एवढं ऐकून होतो.

खारा_वारा
होडीदादा, आजोबांना माझा दंडवत. हाय म्हणजे उंचवटा. समुद्राच्या तळावर दिसणारा नव्हे, तळाखाली गाडलेला. किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर पश्चिमेला, पाणी सत्तर-पंच्याहत्तर मीटर खोल. त्याखाली जुन्या खडकाची एक प्रचंड टेकडी थरांखाली दडलीय आणि वरचे थर तिच्या अंगावर पांघरूण घातल्यासारखे वाकलेत. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजाने भूकंपलहरींनी या भागाची पाहणी केली तेव्हा हे पांघरूण दिसलं. १९७४ च्या फेब्रुवारीत सागर सम्राट या रिगने भोक पाडलं आणि तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू.

आता चिरंजीवांचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. लाव्ह्याच्या देशात तेल कसं?

क्रम असा. सह्याद्रीचा बेसाल्ट ओतला गेला तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघितला असेल, तो त्याच सुमाराचा. पश्चिमेकडचा भाग नंतर खचत गेला, आज समुद्र आहे तिथे. खचलेल्या खळग्यांत लाव्ह्याच्या वर नद्यांचा गाळ, दलदल, उथळ खाड्या, खारफुटीसारखा किनारा. त्या गाळाला पन्ना स्तरसमूह म्हणतात. शेल आणि कोळशाचे थर. पॅलिओसीन आणि इओसीनच्या सुरुवातीचा काळ, म्हणजे साधारण सहा ते पाच कोटी वर्षांपूर्वी. हाच आपला मुख्य उगमखडक. हे थर सुरतेकडच्या आणि इतर खळग्यांत खोल दबले, तापले, तेल-वायू सुटला.

तेल मात्र सापडतं वरच्या चुनखडकात. तो मायोसीन काळातला, उथळ स्वच्छ समुद्रात शंखशिंपले आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचा साठून झालेला, फार नंतरचा. मुंबई हायचा मुख्य साठा समुद्रतळाखाली दीड किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या उथळ ठिकाणी तेल तयार होणं अवघडच. ते खळग्यांतून पाझरत, चढत, त्या उंचवट्याखाली येऊन अडकलं. वर शेलचं झाकण.

आणि यात डायनासोर कुठे? ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच संपले. पन्नाचा चिखल साठायला लागला तेव्हा त्यांचं तेरावंसुद्धा उरकलं होतं. जगातल्या इतर तेलाबद्दल कोणी वाद घालू शकेल, मुंबई हायच्या तेलात डायनासोर असणं वयातच बसत नाही.

दुपारचा_चहा
खारा_वारा काका, हे वाक्य मी आत्ता मोठ्याने वाचून दाखवलं. चिरंजीव आधी खट्टू झाले, मग विचारतात, "म्हणजे आपलं पेट्रोल डायनासोरांच्या नंतरचं? मग लेटेस्ट आहे."

शाळामास्तर
उत्तम. लेटेस्ट!
दोन गोष्टी जोडतो. लाव्हा एका दमात नाही आला, मध्ये मध्ये थांबला. त्या विश्रांतीत तळी साचली. वरळीच्या टेकडीवर अशा तळ्याच्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत, रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. म्हणजे जैविक चिखल मुंबईच्या पोटातही होता. पण थर पातळ, आणि किलोमीटरच्या किलोमीटर गाळाखाली तो कधी दबलाच नाही. नुसता चिखल असून भागत नाही.
दुसरं, बेसाल्टच्या खाली त्याहून जुने थर असू शकतात, आणि त्यात काय आहे हा तेल शोधणाऱ्यांचा जुना छंद आहे.

आंबोलीचा_पाऊस
पण वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत की. मग तिथे खाली जमीन तापलेलीच आहे ना? तिथे तेल का नाही?

शाळामास्तर
चूल आहे, पण भांडंच रिकामं. पावसाचं पाणी भेगांतून खोल जाऊन तापून वर येतं, तेवढंच. जैविक शेल नाही.

विद्युल्लता
वेळेबद्दल विचारायचंय. सगळीकडे "कोटी वर्षं लागतात" लिहितात. पण खारा_वारा काका तापमानाचंच सांगतायत. नक्की काय लागतं?

खारा_वारा
माझ्या मते तापमानच खरं. प्रयोगशाळेत उगमखडकाचा तुकडा पाण्यासकट पोलादी भांड्यात बंद करून ३००–३५० अंशांवर तापवला तर काही दिवसांत तेल निघतं. कुकर लावण्यासारखं.

शाळामास्तर
काका, इथे मी अडणार. दोन्ही लागतं. ३५० अंशांवर तीन दिवस जे करतात ते १०० अंशांवर करायला लाखो-कोटी वर्षं लागतात. तापमान जरा वाढलं की वेग झपाट्याने वाढतो, पण निसर्गाकडे कुकर नाही, मंद चूल आणि भरपूर सवड आहे. म्हणून जुन्या खडकात तेल थोड्या कमी तापमानालाही झालेलं दिसतं.

खारा_वारा
ठीक. तापमान आणि सवड. माझा तोरा उतरला.

पेट्रोलपंप_प्रेमी
रविवार, दुपारी ३:३०
२००३ मध्ये जेफ्री ड्यूक्स या अमेरिकी संशोधकाने गणित मांडलं होतं: एका अमेरिकी गॅलन पेट्रोलमागे पूर्वीच्या वनस्पती-शेवाळाचे सुमारे ९० टन. गॅलन पावणेचार लिटरचा. म्हणजे लिटरला चोवीसेक टन. माझ्या स्कूटरची टाकी पाच लिटरची. मी रोज कांदिवलीहून अंधेरीला एकशेवीस टन शेवाळावर बसून जातो.

टवाळ_पोर
आणि लिंक रोडला सिग्नलला त्यातलं दहा टन जळतं.

गोदाक्का
एवढं जातं कुठं मग? नव्वद टनातून चार लिटर?

शाळामास्तर
बहुतेक कुजून, खाल्लं जाऊन. टिकलेल्यातलंही सगळं तेल होत नाही. झालेल्यातलं पुष्कळसं उगमखडकातच अडकून राहतं. बाहेर पडलेलं वाटेत पसरतं, किंवा अडवायला झाकण नसतं म्हणून थेट वर येऊन उडून जातं. प्रत्येक पायरीवर गळती आहे. साठा सापडतो म्हणजे सगळे योग एका ठिकाणी जुळलेत.

नलूमावशी
स्वयंपाकघरातला प्रश्न. आमच्याकडे सिलिंडर जाऊन पाइप गॅस आला तेव्हा माणूस येऊन शेगडीचे नोझल बदलून गेला. दोन्ही गॅसच ना? मग का?

खारा_वारा
दोन वेगळे गॅस, मावशी. पाइपमधला मुख्यतः मिथेन, सर्वात लहान रेणू. सिलिंडरमधला प्रोपेन-ब्यूटेन, जरा मोठे रेणू, दाबाखाली द्रव होतात म्हणून बाटलीत भरता येतात. जळण्यासाठी लागणारी हवा आणि दाब वेगळा, म्हणून नोझल वेगळं. आणखी एक लक्षात ठेवा: मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. सिलिंडरचा गॅस जड, जमिनीलगत साचतो. दोन्हींना मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो.
मुंबई हायचा गॅस आणि तेल नळाने उरणला येतं, तिथे वेगळं करतात.

मुलुंडकर
देवनार डम्पिंगला पण मिथेन निघतो म्हणे. मग तिथे खाली तेल होत असेल?

शाळामास्तर
नाही. डम्पिंगचा मिथेन जीवाणू करतात, अगदी साध्या तापमानाला. दलदलीत बुडबुडे येतात तो हाच. तेलाबरोबरचा बराचसा गॅस मात्र उष्णतेने तुटून होतो. देवनारच्या ढिगाला चार किलोमीटर खाली ढकलणार कोण?

तिसरा_मजला
निविदा काढा, ढकलतील.

संपादक_मंडळ
तिसरा_मजला, शेवटची सूचना.

नलूमावशी
हिमाचलच्या ज्वालामुखी देवीला गेलो होतो, तिथे खडकातून ज्योत येते. पुजारी म्हणाले सततची आहे. ती पण?

खारा_वारा
हो, नैसर्गिक वायूच. झाकणाला फट पडली की असं होतं. बाकूजवळच्या आतेशगाह नावाच्या अग्निमंदिरातही अशीच ज्योत होती, आणि तिथे भिंतीवर संस्कृत शिलालेख आहेत. आपले लोक कुठवर गेले होते बघा.

वेसावची_होडी
मला एकच समजत नाही. तेल खाली खडकात. मग तळं असतं का आत? आमच्या पोराला वाटतं की आत मोठी टाकी आहे.

खारा_वारा
होडीदादा, टाकी नाही. मला पहिल्यांदा चुनखडकाचा कोअर हातात मिळाला तो दिवस आठवतो. मनगटाएवढा जाड, गोल दांडा, दिसायला रव्यासारखा खरबरीत, कोरडा वाटावा असा. नाकाशी धरला तर घासलेटाचा वास. तेल त्या बारीक छिद्रांत, दगडातच मुरलेलं. तुमच्याकडे सुका बोंबील तेलात मुरवून ठेवला तर तेल कुठे दिसतं? दाबलं की येतं.
त्या छिद्रांत आधी खारं पाणी असतं. तेल पाण्याहून हलकं, म्हणून ते पाण्याला बाजूला सारत वर वर चढत राहतं, जोवर वर घट्ट झाकण भेटत नाही. मुंबई हायचं तेल त्यात हलकं आणि कमी गंधकाचं, पण मेण जास्त. जमिनीवरच्या पानांवर मेणाचा थर असतो, तसा माल खळग्यात बराच वाहून आला असावा, असं आमच्यातले रसायनवाले सांगायचे.

गोदाक्का
म्हणजे चिखलात झाडांचा पालाही? नुसतं शेवाळ नाही?

शाळामास्तर
हो अक्का, आणि त्याने फरक पडतो. शेवाळ-प्लवकाचं केरोजेन तेल जास्त देतं, झाडपाल्याचं मुख्यतः गॅस आणि कोळसा. पन्नात दोन्हीची भेसळ आहे, म्हणून आपल्याकडे तेलही आहे आणि गॅसही.

अनुस्वार
मुलासाठी प्रयोग सुचवतो. काचेचा मोठा बाऊल, तळाला तेल मिसळलेली वाळू दाबून बसवा. आत एक स्टीलची वाटी उपडी तिरकी ठेवा, म्हणजे आत हवा राहणार नाही, पाणी भरल्यावर सरळ करा. मग वाळू काडीने हळूच ढवळा. तेलाचे थेंब वर चढतील, काही वाटीखाली अडकतील, बाकीचे पाण्यावर येतील. उपडी वाटी म्हणजे मुंबई हाय. स्टीलपेक्षा काचेची वाटी घ्या, नाहीतर आतलं दिसणार नाही.

आहेर_पाकीट
या सगळ्यात एक आठवलं. आहेराच्या पाकिटात ५०० च्या जोडीला एक रुपया घालायला म्हणून आई जुन्या एक रुपयाच्या नोटांचा गठ्ठा जपून ठेवायची. त्या नोटेच्या मागे समुद्रातल्या तेलविहिरीचं चित्र आहे, सागर सम्राटचं. इतकी वर्षं मला ते कुठलंतरी बंदर वाटत होतं. आत्ता कपाटातून काढून बघितली. खरंच रिग आहे.

खारा_वारा
बरोबर. १९८० च्या दशकातल्या नोटांवर आहे, २०१५ मध्ये एक रुपयाची नोट पुन्हा काढली तिच्यावरही आहे. माझ्या लग्नातल्या आहेरातली एक मी पाकिटात ठेवलीय, रिगवर जाताना असायची.

खडूस_म्हातारा
उगमखडक, किचन वगैरे पटतंय थोडंसं. पण संपत नाही हे मी म्हणतोय ते?

खारा_वारा
काका, मुंबई हायचं उत्पादन ८० च्या दशकाच्या शेवटाला शिखरावर होतं, आज तेवढं नाही. चूल अजून पेटलेली असेल काही खळग्यांत, पण ती लाखो वर्षांत थेंब देते आणि आपण दिवसाला पिंपं उपसतो. टाकीत नळ बारीक आणि बादल्या घेणारे शंभर. पाणी रोज येतं म्हणून टाकी रिकामी होत नाही का?

तिसरा_मजला
काही बोलत नाही. बघतोय फक्त संपादक काय करतात ते.

दुपारचा_चहा
रविवार, रात्री ९:४८
अहवाल. अनुस्वार यांचा प्रयोग केला. काचेची वाटी नव्हती, लोणच्याच्या बरणीचं पारदर्शक झाकण उपडं वापरलं. गोडेतेलात हळद घातली म्हणून दिसलं छान. पहिल्यांदा मी वाळू जोरात ढवळली आणि सगळं गढूळ. दुसऱ्यांदा चिरंजीवांनी स्वतः काडी घेतली. थेंब चढले, झाकणाखाली पिवळा ठिपका जमला. तो पंधरा मिनिटं तसाच बघत बसला.
मग त्याने टाचणीने झाकणाला भोक पाडलं. तेल हळूहळू भोकातून निसटून वर आलं. म्हणाला, "ही ज्वालामुखी देवी." नलूमावशी, तुमचा प्रतिसाद मी वाचून दाखवला होता.
ओट्यावरचं तेल अजून पुसतेय. शाळेत टीचरना सांगणार आहे की पेट्रोल डायनासोरांपेक्षा लहान आहे.

शाळामास्तर
"निदान मुंबई हायचं" एवढं जोडायला सांगा. अरबस्तानात, इतर बऱ्याच ठिकाणी उगमखडक डायनासोरांच्याच काळातले आहेत. त्यातही डायनासोर नाहीत, समुद्रातले सूक्ष्म जीवच, पण वयाने ते समकालीन.

दुपारचा_चहा
सांगितलं. उत्तर: "मग ते जुनं पेट्रोल." आणि एक नवा प्रश्न टाकलाय, त्याच्याच शब्दांत: "ठाण्याच्या खाडीतल्या चिखलात आत्ता काय शिजतंय?"

खारा_वारा
अजून चूलच पेटलेली नाही बाळा. आधी वर दोन-तीन किलोमीटर गाळ पडू दे. तोवर खाडीत कचरा टाकू नकोस, उगमखडक खराब होईल.

मुलुंडकर
ते चिरोट्यांचं कोणीतरी सांगा रे. गोदाक्कांचं "जरा पुढे, जरा अलीकडे" म्हणजे नक्की किती अंश?